तांदळात लिहिलेले नाव

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील महिला-सभेत एका कलाविद्यार्थिनीने केलेले भाषण)



महिला-विभागाच्या चिटणीसबाईंनी मला माझ्या कामाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होते. जिचे शिक्षण अद्याप पुरे व्हावयाचे आहे अशा मुलीने आपल्याच कृतीवर जाहीर व्याख्यान द्यावे, हे मला प्रशस्त वाटेना. परंतु शेजारच्या दालनात जी गोधडी टांगली आहे, तिच्याविषयी पालघरपासून चिंचणीपर्यंत आपल्या घराघरांतून गेले काही महिने कुजबुज चालू आहे हे मी जाणते. त्या कुजबुजीतील काही भाग रास्त आहे. तेव्हा ती पाठीमागे चालण्यापेक्षा समोरासमोर बोललेले बरे, एवढ्याच हेतूने मी येथे उभी आहे.

ज्यांनी ती अजून पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी वस्तू कशी आहे ते सांगते. माझ्या आजीच्या तीन जुन्या पांढरट लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली अशी ती गोधडी आहे. तिच्यात मधूनमधून हातकागदाचे तुकडे बसविले आहेत आणि त्या कागदांवर मंगळसूत्राच्या वाट्यांचे उठाव आहेत. खाली पाटावर एक तांब्याचा हंडा व एक तांदळाने भरलेली परात आहे. असे कापड, कागद, धातू, धान्य एकाच कृतीत आणण्याला आमच्या महाविद्यालयात मिश्र माध्यम म्हणतात. नाव नवे आहे. सामान सगळे माळ्यावरचे आहे.

वाट्यांचे उठाव कोठून आले हे तारापूर-चिंचणीकडील मंडळींना सांगावयास नको. आपल्या त्या भागात घरोघरी दागिन्यांच्या डाय कोरण्याचा उद्योग चालतो, आणि माझे वडीलही तेच काम करतात. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची आकृती उलटी कोरावयाची. मग त्यावर पातळ पत्रा ठेवून दाब दिला की आकृती पत्र्यात उमटते. लहानपणापासून छिन्नीची ती टकटक ऐकत मी वाढले. डाय झिजली की तिचा उठाव बोथट येतो आणि ती बाद होते. वडिलांनी बाद केलेली वाटीची एक डाय आणि एक चालू डाय, अशा दोन मी मागून घेतल्या व ओला हातकागद त्यांत दाबला. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची व एक सासरची असे आपण म्हणतो. माझ्या कागदावर सासरची वाटी रेखीव उमटली आहे. माहेरची जवळजवळ सपाट आहे, तिरप्या उजेडात पाहिले तरच दिसते.

आता हंड्याची गोष्ट. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो माळ्यावरून खाली आला. चिंचेने घासताना गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे उघडी पडली. ते एका मुलीचे नाव होते आणि आमच्या घरात त्या नावाची कोणी बाई कधी झाली नव्हती. मी आजीला विचारले, हा हंडा कोणाचा? आजी निवडत असलेल्या मेथीवरून दृष्टी न काढता म्हणाली, "माझाच. आणि ते नावही माझेच."

मी त्या वेळी २२ वर्षांची होते. २२ वर्षे ज्या बाईच्या कुशीत झोपले, तिचे आईवडिलांनी ठेवलेले नाव मला ठाऊक नव्हते.

त्यात रहस्य असे काहीच नाही. आपल्या घरांतील बहुतेक वडीलधाऱ्या स्त्रियांची हीच कथा आहे. १९६५ च्या सुमारास आजीचे लग्न झाले. वरात घरी आल्यावर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले गेले, आजोबांनी सोन्याच्या अंगठीने त्यांत नवे नाव लिहिले, साखर वाटली गेली, आणि जुने नाव त्या क्षणापासून बंद झाले. हंडा माहेरच्यांनी लग्नापूर्वीच नाव घालून आणला होता, म्हणून त्याच्यावर ते राहून गेले. पुढे माहेर होते तोवर तेथे कोणी त्या नावाने हाक मारीत असे. परंतु आजीचे माहेर म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी जी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली, त्यांपैकी एक. त्या भट्ट्या २००५-०६ च्या सुमारास वीज देऊ लागल्या. गावाचे पुनर्वसन झाले, माणसे पांगली, आजीचे दोघे भाऊ पुढे वारले. म्हणजे आज त्या नावाने आजीला हाक मारील असे माणूसही नाही आणि जेथे उभे राहून ती हाक मारावी ते अंगणही नाही.

हे ऐकल्यावर मी जे केले ते मुद्दाम सविस्तर सांगते, कारण माझी चूक तेथेच झाली.

मी महाविद्यालयात शिकते ते स्त्रियांच्या कलेचा इतिहास डोक्यात घेऊन. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी चित्रकार धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई यांनी जे. जे. कलाशाळेची पदविका मिळविली, तेव्हा अशा मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९८७ नंतरच्या दोन वर्षांत नलिनी मलानी, माधवी पारेख, निलिमा शेख आणि अर्पिता सिंह या चौघींनी मिळून देशातील निरनिराळ्या शहरांत आपल्या जलरंगचित्रांचे प्रदर्शन फिरविले. अमेरिकेत ज्यूडी शिकागो या बाईंनी १९७४ ते १९७९ या काळात एक प्रचंड त्रिकोणी भोजनमेज सिद्ध केले. त्यावर इतिहासातील ३९ स्त्रियांची पाने मांडली आणि खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावे सोन्याच्या अक्षरांत लिहिली. भरतकाम, चिनीमातीची भांडी, ताटाखालचे वस्त्र, असे जे जे बायकांचे हलके काम समजले जाई ते त्यांनी मेजावर आणून ठेवले. त्या कामाला अनेक स्त्रीपुरुषांचे हात लागले आहेत; श्रेय मात्र बहुधा एकाच नावाने सांगितले जाते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? डहाणू-तलासरीकडे वारली लग्नघरात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघाट देवी, बाजूला धवलेरीची गाणी. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारखे कलावंत तेथे गेले, भिंतीवरचे चित्र कागदावर आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहीत आलेल्या सवाशिणींपैकी एकीचेही नाव मला सांगता येत नाही. आपल्यापैकी कोणाला येत असेल तर मला अवश्य सांगावे. (पिशव्यांवर व पेल्यांवर वारली आकृत्या छापण्याची जी लाट आहे तिच्यात मी सामील नाही. त्या आकृती मी माझ्या गोधडीवर घेतलेल्या नाहीत. त्या माझ्या घरच्या नव्हेत.)

तर असे सारे मनात साठलेले असताना हंड्यावरचे नाव सापडल्यावर मी हरखून गेले. लुगडी आजीकडून मागून घेतली. कशाला हवीत हे नीट सांगितले नाही. गोधडी गाडीत शिवली. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली, तिच्यामुळेच बोईसरहून मुंबईला रोज ये-जा करून मला शिकता येते. बायकांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या भगिनींमध्ये मीही शिवत बसे. एका बाईंनी माझा टाका पाहून सुई काढून घेतली आणि थर सरकू नयेत म्हणून मधून बाहेरच्या बाजूस कसे शिवीत जावे ते दाखविले. महाविद्यालयातील एका शिक्षकांनी हे शिवणकाम आहे, चित्र नव्हे, असा शेरा दिला होता. त्या बाईंना हा प्रश्न पडलाच नाही.

गोधडी झाली आणि तिच्या मध्यभागी मी आजीचे ते नाव लाल रेशमाने, वीतभर उंचीच्या अक्षरांत भरले. मनात मोठा अभिमान होता. एका शनिवारी ती घरी आणून बैठकीत दोरीवर टाकली आणि आजीला बोलावले. आजी बराच वेळ पाहत राहिली, काही बोलली नाही, जेवून झोपावयास गेली.

सकाळी पाहते तो मध्यभाग मोकळा. आजीने रात्री उठून, चष्मा लावून, ब्लेडने एकेक टाका उसवला होता. लाल रेशीम नीट गुंडाळून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवले होते. कापडावर उरली होती ती फक्त सुईची भोके.

मी रडले, रागावलेही. माझ्या दोन महिन्यांच्या श्रमाचे असे का केलेस, म्हणून विचारले. आजी म्हणाली, "त्या दिवशी तांदळात लिहिताना मला कोणी विचारले नव्हते. तूही विचारले नाहीस."

भगिनींनो, स्त्रियांच्या बाजूने काम करणारी म्हणून मी स्वतःला समजत होते. ते वाक्य मला अद्याप पचलेले नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी गोधडीला हात लावला नाही. मग एके दुपारी आजीच तो विषय काढून बसली. नाव कोणी ठेवले, आत्याबाईंनी कानात कुर्र कसे केले, शाळेत चौथीपर्यंत हजेरीला ते नाव कसे पुकारीत, असे पुष्कळ तिने सांगितले. मी विचारले, तुला त्या नावाने हाक मारू का? ती हसली. "आता कोणी त्या नावाने हाक मारली तर मी वळणारसुद्धा नाही," म्हणाली. पुढे आपणहून म्हणाली, भर ते नाव, पण माझ्या मनासारखे. तिच्या अटी अशा: दोरा कापडाच्याच रंगाचा हवा; नाव लाउडस्पीकरवरून उच्चारावयाचे नाही; आणि तुझ्या आजोबांना त्यात खलनायक करावयाचे नाही, कारण त्यांनी निवडलेले नाव त्यांच्या फार आवडीचे होते आणि पुढे तिच्याही.

त्या अटींप्रमाणे जुन्याच भोकांतून पांढऱ्या दोऱ्याने मी पुन्हा टाके घातले. अक्षरे दिसत नाहीत. बोट फिरविले तर कळतात. प्रदर्शनातून वस्तूला हात लावू नये अशी पाटी असते. येथे ती नाही.

कुजबुजीतील रास्त भाग कोणता, तेही सांगून टाकते. आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले की, घरातील गोष्ट अशी चारचौघांत भिंतीवर का टांगतेस? यावर माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. आजीची संमती मी दुसऱ्या वेळी घेतली, पहिल्या वेळी घेतली नव्हती. आजोबा हयात नाहीत, त्यांची संमती घेता येत नाही. परंतु त्यांचा दुसरा प्रश्न मला पटला नाही. ते म्हणाले, सगळ्याच घरांत असे होते, मग त्यात सांगण्यासारखे काय? सगळ्याच घरांत होते, म्हणून तर सांगावेसे वाटले.

या निमित्ताने मी आपल्या संघाच्या हाती लागलेल्या जुन्या स्मरणिका चाळल्या. त्या जपून ठेवणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. त्यांतील वंशावळींत पुरुषांची नावे सात-सात पिढ्या मागे जातात, आणि मुलींच्या जागी काही ठिकाणी केवळ संख्या आहे. आजी मला एका हळदीकुंकवाच्या छायाचित्राखाली सापडली. तेथे तिचे नाव सौ. आणि पुढे आजोबांचे संपूर्ण नाव असे छापले आहे. म्हणजे तांदळात लिहिलेले नावदेखील तेथे उरले नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे आवश्यक केले आहे. ही चांगली गोष्ट झाली. आईचे कोणते नाव, असा प्रश्न आमच्या घरात मात्र त्या दिवशी निघाला आणि आजी पुष्कळ हसली.

माझी कार्यकारिणीला विनंती लहानशी आहे. पुढील कुटुंब-सूची छापताना प्रत्येक विवाहित स्त्रीपुढे तिचे जन्मनाव व माहेरचे गाव यांसाठी एक रकाना ठेवावा. मात्र तो घरच्या कर्त्याने भरू नये. ज्या स्त्रीचे नाव तिला विचारून भरावा, आणि तिने कोरा ठेवा म्हटले तर कोरा छापावा. माझी आजी तो कोरा ठेवणार आहे, हे तिने मला आधीच सांगितले आहे.

चहापान शेजारच्याच दालनात आहे. परातीतील तांदूळ तेथे ज्यांना आपले जन्मनाव लिहून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी ठेवले आहेत. लिहून झाले की हाताने सपाट करावे, म्हणजे मागच्या बाईला जागा होईल. तांदूळ निवडलेले आहेत, संध्याकाळी घरी नेऊन शिजवावयाचे आहेत, तेव्हा बशा कृपया दूरच्या मेजावर ठेवाव्यात. आजी तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला गुडघ्यांविषयी विचारलेले चालते. हंड्याविषयी विचारू नये.