कागदाचा कल व कॅमेऱ्याचा कल

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेनें जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें लागतात. मिठागरें, शेतें आणि कौलारू घरें ही या परिसराची जुनी ओळख. २००२ सालीं मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. आज या गांवांभोवतीं शहर दाटत आहे. एखादें जुनें घर उतरवितात तेव्हां माळ्यावरच्या पेटींतून छायाचित्रांचा अल्बम हातीं लागतो. पुढची पिढी तो स्कॅनरवर ठेवते, आणि तेथेंच एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहतो: वांकडें आलेलें चित्र सरळ करावयाचें, म्हणजे नक्की काय सरळ करावयाचें?

समजा, मुर्ध्याच्या अशाच एका घरांत तीन छायाचित्रें एकदम कांचेवर ठेवलीं. एक लग्नानंतर ओटीवर काढलेलें कुटुंबाचें, दुसरें उत्तनच्या किनाऱ्याचें, तिसरें मिठाच्या राशींचें. तीनही थोडींथोडीं कललीं, आणि संगणकावर आलें तें एकच मोठें चित्र. १९९० सालीं प्रथम बाजारांत आलेल्या फोटोशॉपमध्यें आज यासाठीं 'क्रॉप अँड स्ट्रेटन फोटोज' ही आज्ञा आहे. ती पार्श्वभूमीहून निराळे दिसणारे चौकोन शोधते, त्यांचा कल ओळखते व प्रत्येकाचें स्वतंत्र सरळ चित्र करून देते. परंतु दोन फोटो एकमेकांना चिकटलेले असले, तर ती त्यांना एकच समजण्याचा संभव असतो. आणि फोटोची पांढरी किनार स्कॅनरच्या पांढऱ्या झांकणांत मिसळली, तर किनारच कापली जाऊं शकते. म्हणून फोटोंमध्यें बोटभर अंतर ठेवावें व वर काळा कागद पसरावा. किनार क्षुद्र मानूं नये. स्टुडिओचा शिक्का, तारीख, उभ्या असलेल्यांचीं नांवें पुष्कळदां तेथेंच असतात.

हेंच काम हातानें करण्यास मोफत मिळणारा गिम्प पुरेसा आहे. प्रत्येक फोटोभोवतीं प्रथम सैल चौकट आंखून तुकडा वेगळा करावा. आधींच घट्ट कापलें तर कललेल्या फोटोचे कोपरे कात्रींत सांपडतात. मग मोजपट्टीच्या साधनानें कागदाच्या कडेवर रेघ ओढावी. १००० पिक्सेलांच्या, म्हणजे चित्रकणांच्या, अंतरांत कड ३५ कण खालीं उतरली, तर कल सुमारें २ अंशांचा. तितकेंच उलट फिरवावें, आणि त्यानंतर नेमकें कापावें.

फिरवावें मात्र एकदांच. संगणकांतील चित्र म्हणजे कणांची जाळी. तें ९० अंशांत फिरविलें तर कण केवळ जागा बदलतात. २ अंशांत फिरविलें तर नवा कण जुन्या कणांच्या अधेंमधें पडतो, आणि शेजाऱ्यांच्या रंगांवरून त्याचा रंग हिशेबानें ठरवावा लागतो. त्यामुळें बारीक रेषा किंचित मऊ होतात. आधीं एक अंश, मग अर्धा, मग थोडें माघारें, असें करीत गेल्यास हा मऊपणा दर वेळीं वाढतो. वारंवार उसवून शिवलेल्या कापडासारखी चित्राची गत होते.

इतकें केल्यावर कागद सरळ होतो, आणि तेव्हां ध्यानांत येतें कीं आंतील दृश्यहि कललेलें आहे. फोटो काढणाऱ्याच्या हातांत कॅमेराच तिरपा होता. उत्तनच्या चित्रांत क्षितिजावर रेघ ओढणें योग्य, कारण मोकळ्या समुद्राचें क्षितिज आडवेंच असतें. मिठागराच्या बांधावर मात्र तशी रेघ ओढूं नये. बांध सपाट असला तरी दूर जातांना तो चित्रांत वर चढलेला दिसतो. त्याला बळेंच आडवें केलें, तर कडेचीं माणसें कलंडतात. घराच्या चित्रांत मध्याजवळचा उभा खांब प्रमाण मानावा, कारण कॅमेरा वर रोखलेला असल्यास कडेचे खांब आंत झुकलेले दिसतात.

परंतु कॅमेऱ्याचा कल काढण्याची किंमत द्यावी लागते. ३००० कण रुंदीचें चित्र २ अंशांत फिरविलें कीं वरच्या व खालच्या कडेला सुमारें १०५ कण उंचीची रिकामी पाचर उरते. चौकट पुन्हा चौकोनी करावयाची, तर चारी बाजू आंत घ्याव्या लागतात. आणि ओटीवरच्या त्या कुटुंबचित्रांत कडेला कोण उभें आहे? एखादी विधवा आत्या, कामाला असलेली बाई, शेजारचें पोर. मध्यभागीं कोणी न बोलावलेलीं माणसें. कदाचित् त्यांचा जन्मांतला तेवढाच फोटो असेल. भिंतीसाठीं सुबक चौकट साधतांना त्यांचा हात, पदर, प्रसंगीं अर्धा चेहराहि निघून जातो, आणि कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

म्हणून हे दोन कल वेगळे ओळखावेत. कागदाचा कल हा स्कॅनरवर ठेवणाऱ्या हाताचा. तो नि:शंक काढावा. कॅमेऱ्याचा कल हा त्या दिवसाचा, त्या ओटीवरच्या घाईचा भाग. त्याला हात लावावयाचा तो वेगळ्या प्रतींत. मूळ स्कॅन टिफ स्वरूपांत न कापतां जपावा, दुसरी प्रत कागदापुरती सरळ करावी, आणि भिंतीसाठीं हवी तर तिसरी काढावी. मग घर उतरलें तरी ओटी राहील, आणि ओटीच्या कडेला उभी असलेली आत्याहि राहील.