हुरूप पाहुणा, नेम घरधनी

आज दुपारी इथल्या क्वार्टरमधला एक तरुण भेटला. म्हणाला, "महाराज, दरवर्षी एक जानेवारीला पळायला लागतो. आठ-दहा दिवस हुरूप असतो, मग अंथरूण सुटत नाही. काय करू?" म्हटलं, बापा, रात्री कीर्तनाला ये. आला असशीलच.

मला सांगा, आयुध निर्माणीत पाळी लागली की माणूस मनाला विचारतो का, की बाबा रे, आज जावंसं वाटतं का? नाही विचारत. थंडी असो, पाऊस असो, डबा घेतो नि निघतो. मग पोटासाठी जे जमतं, ते ज्या देहात हे पोट आहे त्या देहासाठी का जमू नये?

हुरूप हा पाहुणा आहे मायबाप. येतो तेव्हा गोड बोलतो, जाताना सांगून जात नाही. घर चालवतो तो घरधनी, म्हणजे नेम.

वारी बघा. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. आपल्या विदर्भातून, शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, ती तर महिनाभराहून जास्त चालते. एका दमात कोणी चालतं का? मुक्कामा-मुक्कामानं चालतात. सकाळी वारकरी पंढरी किती लांब हे मोजत बसत नाही, आजचा मुक्काम पाहतो. दुसरं, तो एकटा नसतो. दिंडीत पाय थकले तरी शेजारचा टाळ थांबू देत नाही. तिसरं, तिथी ठरलेली. पाऊस आहे म्हणून आळंदीचं ज्येष्ठ वद्य अष्टमीचं प्रस्थान कोणी नवमीवर ढकलत नाही. थोडं अंतर, सोबत आणि ठरली वेळ. नेम या तिन्हींवर उभा असतो.

हे सांगणारा मी काही फार मोठा नेमी नाही. मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी चुकवू नका, रोज चाला. पंधरा दिवस चाललो, मग कार्यक्रमांचं निमित्त झालं. एके रात्री कीर्तनात उभा असताना पाय सुन्न पडले. वाटलं, नारदाच्या गादीवर उभं राहणंच सुटलं तर उरलं काय? त्या रात्री मी नवा संकल्प केला नाही. जुन्या नेमाला चालणं बांधलं. सकाळचा हरिपाठ बसून म्हणत होतो, तो आता चालत म्हणतो. हरिपाठ चुकत नाही, म्हणून चालणंही चुकत नाही.

आणि एखादा दिवस चुकला तर? एकादशी चुकली म्हणून वारकरी गळ्यातली माळ काढून ठेवतो का? पुढची एकादशी धरतो. एक दिवस चुकला तर ती चूक. दुसऱ्याही दिवशी चुकवलं, तर चुकवण्याचाच नेम लागतो. तेवढं सांभाळा. ज्याला काही दुखणं आहे त्यानं डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

सप्ताह आहे तोवर पहाटे पाचला मी मंदिरापासून चालायला निघतो. त्या लेकरानं पळू नये, फक्त माझ्यासोबत पहिल्या वळणापर्यंत यावं. परवा आपोआप दुसरं वळण येईल.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!