कोटाची खरेदी आतून सुरू करा

१४ एप्रिल जवळ आला की गावोगावी बाबासाहेबांच्या जीवनावरचे प्रवेश बसवले जातात. संवाद पाठ होतात, ढोलकी मिळते, पण कोटापाशी घोडं अडतं. ड्रेपरीतून भाड्यानं आणलेला कोट खांद्यावरून ओघळतो, बाह्या बोटांपर्यंत येतात आणि समोरची पोरं हसायला लागतात. बाबासाहेब स्टेजवर आले की हसू यावं, हे आम्हाला सहन होईना. म्हणून आमच्या शिलाई गटानं कोट स्वतः शिवायचं ठरवलं.

कपड्याचा आणि मानाचा संबंध बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना सांगितला होता. १९२७ च्या डिसेंबरात महाडला ते बायकांशी बोलले. लुगडं कमी जातीची खूण म्हणून नेसू नका, इतर बायकांसारखं नेसा. जुनं असलं तरी स्वच्छ ठेवा, असं त्यांचं सांगणं होतं. ते ऐकून बायकांनी लुगडं नेसायची पद्धत बदलली. त्यांचा स्वतःचा कोटही असाच बोलणारा होता. तो अंगावर नीटच बसायला हवा.

आता कामाचं बोलू. बहुतेक जणी आधी वरचं निळं कापड घेतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचं भागवतात. मग कोट शर्टासारखा लोंबतो. कोटाचा आकार आतल्या सामानावर उभा असतो. म्हणून यादी आतून करा.

पहिलं सामान म्हणजे कॅनव्हास. छातीचा भाग आणि कॉलर यांना त्यानंच ताठपणा येतो. सुती कॅनव्हास घेतलं तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. इस्त्रीनं चिकटणारं कॅनव्हासही मिळतं. त्याला दुकानात फ्यूजिंग म्हणतात. ते वरच्या कापडाच्या एका तुकड्यावर चिकटवून बघा. फुगे आले तर दुसरं घ्या.

मग खांद्याच्या पॅडची एक जोडी, आणि बाहीच्या माथ्यात भरायला कापसाची बोटभर रुंद पट्टी. पॅड फार जाड नको. खिशांच्या तोंडाला पक्क्या कापडाची पट्टी लागते, कारण खिशाला पेन अडकवायचं आहे. खिशाच्या पिशव्यांना जुनी सुती चादरही चालते.

अस्तर गुळगुळीत हवं, म्हणजे कोट शर्टावरून पटकन चढतो. ४४ इंच पन्ह्याचं २ मीटर पुरतं. एप्रिलचा उकाडा बघता पाठीला अस्तर अर्धंच लावा. काखेत सुती कापडाच्या काढता येतील अशा घड्या टाका. घामानं त्या खराब होतील, कोट वाचेल.

आता वरचं कापड. मध्यम अंगाच्या माणसाला ५८ इंच पन्ह्याचं २ मीटर सूटिंग लागतं. रेषा किंवा चौकडी असेल तर जुळवण्यासाठी थोडं जास्त घ्या. फार चकाकणारं घेऊ नका, दिव्यात ते चमकतं. काळपट निळा रंग रात्रीच्या स्टेजवर काळाच दिसतो, तेव्हा त्याहून एक छटा उजळ घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, कापड बाहेर उन्हात आणून बघा. पुतळ्यांमुळे निळा कोट आपल्या डोळ्यांत बसला आहे. पण बाबासाहेबांच्या जुन्या फोटोंत कोट कधी गडद, कधी फिकट दिसतो. आपला प्रवेश कोणता, ते ठरवून फोटो निरखून बघा. कॉलर किती रुंद, बटणं किती, हे तिथंच कळतं.

बटणं पुढं ३, प्रत्येक बाहीला ३ आणि जादा १, अशी १० एकदमच घ्या. नंतर तोच रंग मिळेलच असं नाही. पक्का पॉलिस्टर दोरा, कच्च्या टाक्यांना साधा सुती दोरा आणि १६ नंबरच्या दोन सुया घ्या. खडू, टेप आणि चांगली तापणारी इस्त्री गटात असेलच.

कापताना पाठीच्या मधल्या आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया सोडा. पुढच्या वर्षी कोट दुसऱ्याच्या अंगावर जाईल. ही माया उसवून तो सैल करता येईल.

आणि एक सोपा मार्ग. जुन्या बाजारात फाटका कोट स्वस्तात मिळतो. तो आणा आणि गटात बसून सावकाश उसवा. कुठला थर कुठं आहे, टाके कसे घातलेत, हे वहीत लिहा. बटणं आणि पॅड चांगले निघाले तर वापरा. आमच्यातल्या ज्या बायकांनी ब्लाउजपलीकडं काही शिवलं नव्हतं, त्यांना कोट असाच उमगला.

सामानाला आठवडा आणि शिवायला तीन आठवडे धरा. प्रत्येक वस्तूची पावती गटाच्या वहीत लावा, म्हणजे शेजारच्या गावानं कोट मागितला तर दर सांगता येईल. मार्च लागायच्या आत एकीनं अंगाचं माप घ्यावं, दुसरीनं अस्तराचा भाव काढावा, तिसरीनं जुना कोट शोधावा. जय भीम.