सूट कोणाला, वसुली कोणाकडून?
(धावडा, ता. भोकरदन येथील सभेतील भाषण)



मघाशी पारावर एक जण म्हणाला, "आयकराचं आपल्याला काय? शेतीला आयकरच नाही." खरे आहे. म्हणूनच सरकार "सर्वांना करसवलत" म्हणते, तेव्हा त्या 'सर्वां'त आपण नसतो. एवढे ध्यानात ठेवा आणि हिशेब ऐका.

१९९७ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी आयकराचे दर १५, ३०, ४० टक्क्यांवरून १०, २०, ३० वर आणले. ज्याचे करपात्र उत्पन्न ६० हजार, त्याचे वाचले १ हजार रुपये. ज्याचे १० लाख, त्याचे वाचले ९८ हजार. कोणी म्हणेल, लहान्याचा कर ३३ टक्के घटला, मोठ्याचा २६ टक्केच. टक्केवारी बरोबर आहे. पण किराणा दुकानात टक्केवारी चालत नाही, रुपये चालतात.

२०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीने १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकर उरला नाही. १२ लाखवाल्याचे वर्षाला ८० हजार वाचले, २५ लाखवाल्याचे १ लाख १० हजार. त्यांचा आपल्याला हेवा नाही. नोकरदाराच्या खिशात त्याचेच पैसे राहिले, राहू द्या. पण ८० हजार म्हणजे किती? २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे जवळजवळ दहा क्विंटल कापूस, तोही बियाणे, खत, वेचणी यांचा खर्च न धरता. आपल्या मुरमाड रानात दहा क्विंटलला किती एकर लागतात, तुम्हीच मोजा.

आता आपण काय भरतो ते पाहू. खतावर ५ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरचा कर १२ वरून ५ वर आला, ते चांगले झाले. पण रासायनिक कीटकनाशकाचा १८ टक्केच राहिला. बोंडअळीवर फवारा मारायचा, तर आधी सरकारचा वाटा काढून ठेवायचा! व्यापारी भरलेला कर पुढच्या करातून वजा करतो. आपल्याला ती वजावट नाही. डिझेलचा अबकारी कर आणि व्हॅट वेगळाच. पीक बुडाले तरी हा कर परत मिळत नाही. आयकर उत्पन्न झाल्यावर लागतो, आपला कर पेरणीच्या आधीच लागतो.

शहाणे लोक सांगतात, शहरात पैसा आला की कापड खपेल आणि कापसाला भाव येईल. मग १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क का उठवले? आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमकी आपली वेचणी चालू असताना! हीसुद्धा करमाफीच होती. फायदा गिरणीला, मार शेतकऱ्याला.

तेव्हा दुसऱ्याचा कर वाढवा, असे आपण म्हणायचे नाही. आपण म्हणायचे: कर कमी करायचाच आहे ना, मग आमच्या फवाऱ्याचा आणि डिझेलचा करा. आणि वेचणीच्या हंगामात आयात शुल्काला हात लावू नका.

जिल्हा बैठकीत हाच ठराव मांडायचा. तोवर प्रत्येकाने दुकानदाराकडून पक्की पावती घ्या, त्यावरचा कराचा आकडा वहीत लिहा. "शेतकरी कर भरत नाही" म्हणणाऱ्यासमोर ती वही उघडायची.