पाठीवरच्या ओझ्याचा विचार



पावसाळा ओसरून दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागले की सह्याद्रीच्या वाटा तरुणांच्या पावलांनी जाग्या होतात. निघण्याच्या आदल्या रात्रीचे घरोघरचे दृश्य बहुधा सारखेच असते. बैठकीच्या खोलीत सॅक उघडी पडलेली असते. आई चिवड्याचा मोठा डबा आणते, आजी घोंगडी पुढे करते, वडील जाडजूड विजेरी शोधून काढतात आणि चिरंजीव ‘असू दे, लागेल कदाचित’ असे म्हणत सारे काही आत कोंबतात. दुसऱ्या दिवशी पहिल्याच खड्या चढावर या ‘कदाचित’चे वजन खांद्यांना कळते. पाऊस आला की रेनकोट सर्वांत तळाशी सापडतो, आणि अंधार पडल्यावर विजेरी शोधायलाच दुसरी विजेरी लागते.

सामान भरण्याचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटतो. व्याख्यानाचा हा विषय होऊ शकतो का, असेही कोणाच्या मनात येईल. तथापि डोंगरातील पुष्कळ अडचणींचे मूळ आदल्या रात्रीच्या या घाईत असते. थकलेला माणूस चुकीच्या जागी पाय टाकतो, भिजलेला माणूस गारठतो, तहानलेल्याची विचारशक्ती मंदावते. आणि एकाची अशी अवस्था झाली की सबंध चमू थांबतो. म्हणून सॅक भरणे ही ज्याची त्याची खासगी बाब उरत नाही. सहकाऱ्यांविषयीच्या कर्तव्याचाच तो एक भाग ठरतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन पाहिलेले बरे. राजगड ते तोरणा ही दोन दिवसांची चाल मराठी गिरिप्रेमींच्या परिचयाची आहे. गुंजवण्याहून राजगड चढायचा, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीकडून उतरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची आणि वेल्ह्यास उतरायचे. मुक्काम गडावर करावयाचा की पायथ्याच्या गावात, हे त्या वेळचे नियम विचारून आधीच ठरवावे. कारण सामानाची यादी त्यावरच अवलंबून असते.

पाठीवर किती वजन असावे? सर्वसाधारण संकेत असा, की ते शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावे. साठ किलो वजनाच्या तरुणाने बारा किलोंपर्यंत उचलावे. आता हिशेब मांडून पाहावा. रिकामी सॅक दोन किलो. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग दीड किलो, अंथरायची मॅट अर्धा किलो, कपडे दीड किलो, शिधा दीड किलो, सामाईक भांड्यांतील वाटा एक किलो. विजेरी, औषधे व किरकोळ वस्तू मिळून एक किलो. बारा किलो येथेच पूर्ण झाले! ‘कदाचित’साठी जागा उरलीच नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू नसेल तर जिवाला किंवा प्रकृतीला धोका आहे काय? तिचे काम दुसरी एखादी वस्तू करील काय? चमूत ती आधीच कोणाकडे आहे काय? तिन्ही प्रश्नांतून जी वस्तू तरते, तीच सॅकमध्ये जावी.

थोडक्या सामानाचे सामर्थ्य या मातीला नवे नाही. १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघालेली औरंगजेबाची छावणी म्हणजे एक चालते शहर होते. तंबू, बाजारबुणगे, हत्ती-उंट यांच्या भाराने तिची चाल मंदावत असे. त्या छावणीला वर्षानुवर्षे सतावणाऱ्या मराठी घोडदळाचा मोठा आधार होता तो सडेपणाचा. ज्याच्याजवळ ओझे थोडे, त्याला वाटा अधिक, हे सूत्र गिरिभ्रमणालाही लागू पडते.

वजन ठरले की रचनेचा प्रश्न येतो. प्रथम सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी लावावी आणि सारे सामान तिच्यात भरावे. बाहेरचे आवरण मुसळधार पावसात पाणी पूर्णपणे अडवीलच, याची शाश्वती नसते. तळाशी स्लीपिंग बॅग ठेवावी, कारण ती मुक्कामावरच लागते. शिधा, भांडी, पाण्याचा मोठा साठा यांसारख्या जड वस्तू मध्यभागी आणि पाठीला लगटून असाव्यात. त्या पाठीपासून दूर गेल्या की सॅक मागे खेचते आणि चालणारा सतत पुढे वाकतो. फार वर गेल्या तर कातळटप्प्यावर तोल जातो. हलके कपडे उरलेल्या पोकळीत बसवावेत. रेनकोट, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी आणि वाटेतला खाऊ सर्वांत वर किंवा बाहेरच्या कप्प्यात असावा. कमरेचा पट्टा आधी घट्ट बांधून मग खांद्यांचे पट्टे ओढावेत. त्यामुळे बराचसा भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. पेला, चपला, पिशव्या बाहेर लोंबकळत ठेवू नयेत. त्या करवंदीच्या जाळीत अडकतात आणि नेमक्या अवघड जागी हिसका देतात. हात दोन्ही मोकळे हवेत.

कपड्यांच्या बाबतीत एक गैरसमज दृढ आहे. जीन्स मजबूत म्हणून डोंगरात उत्तम, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंगाची ऊब शोषून घेते. उघड्या धारेवर पावसाने भिजलेला माणूस हिमालयात नसतानाही गारठू शकतो. म्हणून चालताना लवकर वाळणारे कपडे घालावेत आणि एक कोरडा जोड, मोजांसह, वेगळ्या पिशवीत बांधून मुक्कामासाठीच राखावा. नवे बूट घालून मोहिमेस निघणे म्हणजे फोडांना आमंत्रण देणे होय.

शिध्यात काचेच्या बरण्या, जड डबे वर्ज्य समजावेत. तांदूळ, डाळ, तिखट-मीठ प्रत्येक जेवणाच्या मापाने आधीच पिशव्यांत बांधून घ्यावे. म्हणजे उरत नाही आणि संपतही नाही. पहिल्या दिवसासाठी दशम्या व चटणी, वाटेत गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर ही आपली जुनी शिदोरी आजही उत्तम आहे. ती थोड्या वजनात भरपूर शक्ती देते आणि शिजवावी लागत नाही. तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर पाण्याचा भरवसा धरू नये. राजगडावरून निघतानाच बाटल्या भरून घ्याव्यात. जलसंजीवनीची पाकिटे वजनाने नगण्य, पण उन्हाच्या तडाख्यात अमूल्य असतात.

आता चमूचा विचार. भांडी, शेगडी, दोर, प्रथमोपचार हे सामाईक सामान सर्वांत सारखे वाटण्याची रीत आहे. ती न्याय्य वाटते, पण तशी असतेच असे नाही. पंचेचाळीस किलो वजनाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात नऊ किलो. पाणी आणि पांघरूण मात्र त्यालाही तेवढेच लागते. त्याच्या पाठीवरचे पातेले धिप्पाड सोबत्याने न सांगता आपल्या सॅकमध्ये घ्यावे. नेत्याने निघण्यापूर्वी प्रत्येक सॅक स्वतः उचलून पाहावी. दमेकरी मुलाचा पंप कोणत्या कप्प्यात आहे, हे त्याच्याखेरीज आणखी दोघांना ठाऊक असावे. संघभावना म्हणतात ती अशा बारीकसारीक गोष्टींतून घडते.

शेवटची तपासणी घरीच व्हावी. भरलेली बाटली उलटी धरून झाकण गळते का ते पाहावे, विजेरी लावून पाहावी, जादा सेल निराळे ठेवावेत. ही काळजी किती महत्त्वाची, याचा दाखला दक्षिण ध्रुवाच्या इतिहासात आहे. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचला आणि सुखरूप परतला. इंग्लंडचा स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोहोचला. परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे चारही सोबती मरण पावले. त्या शोकांतिकेची कारणे अनेक होती. त्यांतील एक असे, की वाटेतील साठ्यांवर ठेवलेल्या डब्यांतील तेल अपेक्षेहून कमी भरले. झाकणांच्या चामडी चकत्या थंडीत निकामी होऊन तेल उडून गेले होते. अमुंडसेनने आपले डबे डाख देऊन बंद केले होते. शौर्यात स्कॉटचे सोबती कोठेही उणे नव्हते, परंतु चामड्याच्या चकतीला शौर्याशी कर्तव्य नसते.

भ्रमणध्वनी सोबत असावा, पण त्याच्यावर सर्वस्वी विसंबू नये. क्षेत्राच्या शोधात त्याची बॅटरी लवकर उतरते. तो फ्लाइट मोडवर ठेवून वाचवावा आणि संकटात ११२ हा क्रमांक लक्षात असावा. मार्ग, सोबत्यांची नावे आणि परतण्याची वेळ लिहिलेला कागद घरी ठेवूनच उंबरठा ओलांडावा. पालकांनी तो मागून घ्यावा. सॅकमध्ये आणखी एक डबा घुसवण्यापेक्षा ही माया अधिक उपयोगी आहे.

आणि एक रिकामी पिशवी अवश्य न्यावी. जाताना भरलेले पाकीट येताना रिकामे असते, म्हणजे हलके असते. तरीही ते गडावर टाकून येणारे पुष्कळ आहेत. ज्या गडांच्या नावाने घोषणा दिल्या जातात, त्यांच्या टाक्यांत प्लॅस्टिक तरंगावे, ही घोषणा देणाऱ्यांना शोभणारी गोष्ट नाही. वेल्ह्याला उतरल्यावर चमूच्या सॅक उघडाव्यात. नेलेला कचरा परत आला असेल, एखादी वस्तू न वापरताच आली असेल, तर तिची नोंद करावी आणि पुढच्या वेळी ती घरी ठेवावी. प्रथमोपचाराची पेटी तेवढी या नियमाला अपवाद. ती न उघडता परत आली, याचा आनंद मानावा आणि पुढच्या मोहिमेत तीच सर्वांत आधी भरावी.