बत्तीस पैशांचा हिशेब
(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून मला सांगितलं, "तू फाउंड्रीवाला. स्टीलवरची ड्युटी, अँटी-डम्पिंग असं पेपरात सारखं येतंय. त्यावर बोल. पण आम्हाला कळेल असं बोल, आणि जेवण गार व्हायच्या आत संपव." तिसरी अट सगळ्यात अवघड आहे, तरी प्रयत्न करतो.

मघाशी चहाच्या टेबलावर आम्ही तिघं उभे होतो. एक मी, बिडाचं कास्टिंग करणारा. दुसरा आपला मित्र, रायगड जिल्ह्यातल्या एका मोठ्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेला. तिसरी आपली मैत्रीण, हातकणंगल्याकडं लोखंडी कपाटं बनवते. विषय निघाला आणि पाच मिनिटांत आवाज चढले. तो म्हणाला, "ड्युटी लावली नाही तर आमची मिल बंद पडते." ती म्हणाली, "लावली की माझं दुकान बंद पडतं." आणि मी गप्प होतो. का गप्प होतो, तेच आज सांगणार आहे.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. समजा, राजारामपुरीतला एक मिसळवाला आपल्या दारात मिसळ ८० रुपयांना विकतो. तीच मिसळ तो शिवाजी पेठेत गाडा लावून ५० ला द्यायला लागला. पेठेतला जुना मिसळवाला ७५ ला विकत होता, त्याचं गिऱ्हाईक तुटलं. याला डम्पिंग म्हणतात. नीट लक्षात घ्या, नुसतं स्वस्त विकणं म्हणजे डम्पिंग नव्हे. एखाद्याला खरंच ५० ला परवडत असेल आणि तो आपल्या दारातही ५० लाच विकत असेल, तर ती त्याची हुशारी. घरी महाग आणि परक्या पेठेत स्वस्त, हा त्यातला मुद्दा.

तेवढ्यानंही भागत नाही. कायद्यानं तीन गोष्टी शाबीत कराव्या लागतात. माल घरच्या भावापेक्षा कमी भावानं आला, इथल्या कारखानदाराचं नुकसान झालं, आणि ते नुकसान त्या मालामुळंच झालं. नाहीतर आपल्या पेठेतल्या मिसळवाल्याचा रस्साच बिघडला असेल आणि तो खापर फोडतोय गाड्यावर! तिन्ही शाबीत झालं तर ड्युटी लागते. ती जास्तीत जास्त फरकाएवढी, म्हणजे इथं ३० रुपये. पण आपल्याकडची रीत अशी, की २० रुपयांनी आपला माणूस सावरत असेल तर २० च लावायचे.

हे काही आजचं नाही. असा पहिला कायदा कॅनडानं १९०४ मध्ये केला, तोही अमेरिकेतून येणाऱ्या पोलादाच्या काळजीपोटी. आपल्याकडं १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यात ९-ए कलम आहे. चौकशी करतं वाणिज्य मंत्रालयातलं व्यापार उपाय महासंचालनालय. २०१८ पूर्वी त्याचं नाव वेगळं होतं. ते शिफारस करतं आणि ड्युटी लावायची की नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं. लागली की पाच वर्षं, मग पुन्हा तपासणी.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पोलादाच्या पत्र्यावर, कॉइलवर जी १२ टक्के ड्युटी लागली ती मात्र अँटी-डम्पिंग नव्हे. ती सेफगार्ड ड्युटी. तिथं कुणी लबाडी केली असं म्हणायचं नसतं. अचानक माल फार यायला लागला, आमच्या लोकांना सावरायला थोडा वेळ द्या, एवढंच. गाडीवाल्याचा दोष नाही, पण दारात एकदम शंभर गाड्या आल्या, म्हणून तात्पुरतं फाटक.

आता कोल्हापूरचं. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, तेव्हापासून यंत्राला हात घालायची आपल्याला भीती नाही. विहिरीवर टकटक करणारं ऑइल इंजिन इथं तयार झालं, उसाच्या चरकाची बिडाची अंगं इथं ओतली गेली. माझे वडील उद्यमनगरात मोल्डर होते. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा हा धंदा पसरला. ट्रॅक्टरचे, गाड्यांचे, पंपांचे भाग इथून जातात. पण भट्टी शिरोलीत असली तरी तिचं पोट बाहेरच्या मालावर. पिग आयर्न गोव्याकडून, कर्नाटकातल्या कोप्पळकडून. भंगार पुण्याच्या प्रेस शॉपमधून. आणि क्युपोला भट्टीला लागणारा हार्ड कोक, त्यातला बराचसा बोटीनं परदेशातून. त्यामुळं दिल्लीत कागदावर सही झाली की तिची धग शिरोलीला लागते.

आता माझी गोष्ट. २०१६ सालचा नोव्हेंबर. ८ तारखेला नोटाबंदी झाली. माझ्याकडं पगार रोखीचा. त्याच महिन्यात सरकारनं परदेशी कोकवर अँटी-डम्पिंग ड्युटी लावली. चीनच्या कोकवर टनाला २५.२० डॉलर आणि ऑस्ट्रेलियाच्या कोकवर १६.२९ डॉलर. कोकचा भाव आधीच भडकला होता. माझ्याकडं तेव्हा २२ माणसं होती. डिसेंबरात मी त्यातली आठ कमी केली. त्या आठांत एक आपल्याच वर्गातला होता. आज तो इथं बसलाय. नाव सांगू नको म्हणालाय, पण गोष्ट सांग म्हणालाय.

मी त्याला ऑफिसात बोलावून म्हणालो, "काय करू गड्या, दिल्लीनं अँटी-डम्पिंग ड्युटी लावली. माझ्या हातात काही राहिलं नाही." त्यानं मान हलवली, डबा उचलला आणि गेला. सोळा वर्षं माझ्याकडं काम केलेला माणूस. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

दोन वर्षांनी बँकेत कर्जासाठी गेलो. मला इंडक्शन भट्टी घ्यायची होती. बँकेच्या बाई म्हणाल्या, "२०१६-१७ ला तोटा का झाला ते लिहून द्या." मी झोकात लिहिलं, 'कोकवरील अँटी-डम्पिंग ड्युटीमुळे.' बाई म्हणाल्या, "किती रुपये किलोमागं?" मला सांगता येईना.

त्या रात्री पाटी-पेन्सिल घेऊन बसावं तसा बसलो. एक टन रस काढायला माझ्या क्युपोलाला साधारण १२५ किलो कोक लागायचा. टनाला २५.२० डॉलर, म्हणजे १२५ किलोला ३.१५ डॉलर. तेव्हा डॉलर ६७ रुपयांच्या आसपास. झाले २११ रुपये टनाला, म्हणजे २१ पैसे किलोला. ओतलेल्या रसातला चांगला माल म्हणून बाहेर पडायचा ६५ टक्के, बाकीचा रनर-रायझर परत भट्टीत. म्हणून चांगल्या मालाच्या किलोमागं ३२ पैसे.

माझा माल तेव्हा ६० रुपये किलोनं जायचा. त्यात ३२ पैसे! पुन्हा पुन्हा केलं, उत्तर तेच.

मग तोटा गेला कुठं? रिजेक्शनचं रजिस्टर काढलं. शंभर किलोत नऊ किलो माल ब्लो होलनं, वाळूच्या दोषानं बाद व्हायचा. बाद माल पुन्हा वितळवता येतो हे धरूनसुद्धा किलोमागं तीन रुपयांच्या वर मातीत. ड्युटीच्या दहापट! ते रजिस्टर रोज भरलं जात होतं. उघडून बघितलं नव्हतं ते मी.

दुसरी गोष्ट कोकच्या भावाची. तो ड्युटीनं चढलाच नव्हता. त्या वर्षी चीननं आपल्या कोळसा खाणींचे कामाचे दिवस ३३० वरून २७६ वर आणले आणि जगभर कोकिंग कोळसा वर्षाच्या सुरुवातीच्या शंभर डॉलरच्या आतून वर्षअखेरीला ३०० डॉलरच्या घरात गेला. हा खरा मार होता. पण तो गिऱ्हाइकाकडून भरून मागता आला असता. कच्च्या मालाचा भाव वाढला की दर वाढवून द्यायचं कलम माझ्या ऑर्डरमध्ये होतं. फक्त खरेदीची बिलं लावून तक्ता द्यायचा होता. तो मी दिला नाही. 'अँटी-डम्पिंग' हा शब्द सापडला आणि मी हिशेब बंद केला.

मी त्याच्या घरी गेलो. कागद समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं बघितला आणि म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नव्हतं रे. म्हणून मी काही विचारलं नाही. मला वाटलं, मोठं काहीतरी असणार."

मित्रहो, त्या दिवसापासून मी या शब्दाला घाबरून आहे. शब्द मोठा, इंग्रजी आणि दिल्लीहून आलेला असला की समोरचा माणूस प्रश्न विचारत नाही. आणि बोलणाराही स्वतःला विचारत नाही. तो मित्र माझ्याकडं परत आला नाही. गोकुळ शिरगावात दुसरीकडं सुपरवायझर आहे. त्यानं बरंच केलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ड्युटी किरकोळच असते. तसं मुळीच नाही. आपल्या कपाटवाल्या मैत्रिणीचं घ्या. तिच्या शंभर रुपयांच्या खर्चात पत्रा ६० रुपयांचा. पत्र्याचा भाव पूर्ण १२ टक्के चढला तर शंभराला सात रुपये वीस पैसे गेले. तिची कमाईच तेवढी नाही. तिची ओरड खरी आहे. आणि आपल्या इंजिनिअर मित्राचंही खोटं नाही. २०१५-१६ ला स्वस्त परदेशी पोलादानं आपल्या गिरण्या इतक्या घाईला आणल्या, की फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारला १७३ प्रकारच्या मालावर किमान आयात किंमत ठरवावी लागली. भट्टी एकदा थंड पडली की ती पुन्हा पेटवणं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. उद्या इथल्या गिरण्या बंद पडल्या आणि परदेशी मालानं भाव वाढवला, तर हिची कपाटं कशाची बनणार?

बांधासारखं आहे हे. बांध घातला की वरच्या शेतात पाणी थांबतं, खालचं शेत वाट बघतं. बांध असावा की नसावा याचं एकच उत्तर नाही. किती उंच आणि किती दिवस, एवढंच ठरवायचं. आणि ते ठरवताना खालच्या शेतकऱ्यालाही बोलावलं पाहिजे.

कायद्यात तसं बोलावणं आहे. चौकशी सुरू झाली की माल वापरणाऱ्यांनाही प्रश्नावली असते, सुनावणीत बोलता येतं. पण पोलाद करणारे थोडे आणि मोठे. त्यांचे वकील, हिशेबनीस तयार. वापरणारे हजारो आणि लहान. अर्ज करणाऱ्यांच्या बाजूला देशातल्या उत्पादनाचा निदान चौथा हिस्सा लागतो, म्हणजे ते एकत्र आल्याशिवाय दारातच जाता येत नाही. आपल्याला अशी अट नाही, म्हणून आपण एकत्र येतच नाही. दिल्लीतल्या फायलीत आपला कागद नसतो आणि मग आपण चहाच्या टपरीवर दिल्लीला शिव्या देतो.

हाच कागद दुसऱ्या बाजूनंही उपयोगी पडतो. मी माणसं कमी केली त्याच डिसेंबर २०१६ मध्ये युरोपनं चीन आणि भारत या दोन्ही देशांच्या बिडाच्या मॅनहोल झाकणांवर डम्पिंगची चौकशी सुरू केली. जानेवारी २०१८ मध्ये ड्युटी लागली ती चीनवर. भारताची चौकशी बंद झाली. कधी आपण फिर्यादी असतो, कधी आरोपी. दोन्ही वेळा विचारतात एकच, हिशेब दाखवा.

आपले गणिताचे सर इथं बसलेत. सर, तुम्ही म्हणायचा, "उत्तर बरोबर आलं म्हणून काय झालं? रीत कुठाय?" माझे त्यात फार मार्क गेले. चाळीस वर्षांनी कळलं, महासंचालनालयसुद्धा तेच विचारतं.

म्हणून आज दोन गोष्टी मागतो. आपल्या बॅचमध्ये मी मोजले तर अकरा जण फाउंड्री, मशीन शॉप, फॅब्रिकेशनमध्ये आहेत. २०२५ च्या जानेवारीपासून कमी राखेच्या कोकच्या आयातीवर कोटा होता, त्याच वर्षी पत्र्यावर सेफगार्ड लागली. आपण अकरा जणांनी दर तीन महिन्यांनी कच्च्या मालाचा भाव, वापर आणि रिजेक्शन एका तक्त्यात भरायचं. आपापल्या संघटनेकडं, केईए असो, स्मॅक असो की गोशिमा, तो तक्ता द्यायचा. पुढची प्रश्नावली येईल तेव्हा कोल्हापूरचा कागद तयार असेल. मी पहिला तक्ता आणलाय. माझं रिजेक्शन आता साडेतीन टक्के आहे. तेही लाज न बाळगता लिहिलंय.

दुसरी गोष्ट अशी, की ज्याला कामावरून कमी करायचं, त्याला आकडा सांगायचा. मोठा शब्द नाही, आकडा. त्याला तो कळतो. आणि कळला नाही तर समजावून सांगायला वेळ काढायचा. सोळा वर्षांच्या सोबतीला एवढी किंमत असावी.

तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मित्रा, तू परवानगी दिलीस म्हणून हे बोलता आलं. तांबड्या-पांढऱ्याचा वास इथपर्यंत आलाय, म्हणून थांबतो.