तूस, गेरू आणि कोळसा



अजिंठ्याला गेलात तर पद्मपाणीवरची नजर जरा हलवून चित्राच्या फुटक्या कडेकडे बघा. पोपडा सुटलाय तिथे लिंपणाची जाडी दिसते. माती, शेण, भाताचं तूस, गवताची काडी. त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, काजळी. दुरून आला तो निळा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. बाकी सामान खळ्यातलं आणि चुलीजवळचं! वेरूळच्या लिंपणात तर भांग निघाली. राजदेव सिंग आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठातले सरदेसाई या संशोधकांनी 2016 मध्ये ते दाखवून दिलं. भांगेमुळे कीड दूर राहिली, असं त्यांचं म्हणणं.

आजचा चित्रकार अशा सामानाकडे वळला की आपण नाक मुरडतो. प्रभाकर पाचपुतेंचं बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, कोळसा खाणीच्या गावचे. 2012 मध्ये मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, 2014 मध्ये ते साओ पाउलोच्या बिनालेला पोचले. हातात काय, तर कोळशाची कांडी. थेट भिंतीवर खाणकामगार काढायचे, कुणाच्या धडावर डोक्याऐवजी भलतीच वस्तू. प्रदर्शन संपलं की भिंतीवर पांढरा रंग फिरतो आणि चित्र गेलं. खाणीतल्या माणसाचं चित्र कोळशानंच काढलेलं, मग तो कोळसा लाकडाचा का असेना. ते तैलरंगात काढलं असतं तर मला वाटतं अर्धी धग गेली असती.

वारल्यांकडे चित्र असं पुसलं जाण्याचं कुणाला नवल वाटणार नाही. लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठानं लिहितात, पुढच्या लग्नाला नवा. जिव्या सोमा म्हशे यांनी तो हात कागदावर आणला, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावर आलं तेव्हा ते टिकाऊ झालं, विकाऊही झालं.

आता आपलं शहर, छत्रपती संभाजीनगर. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 च्या महिला गटाची बैठक इथे झाली, पाहुणे येणार म्हणून शहर रंगलं. छान दिसलं, यात वाद नाही. पण उघड्यावरच्या भिंतीवर आपण कायमचं म्हणून रंगवतो, आणि दोन पावसाळ्यांत रंगाला पापुद्रे सुटले की कुणी फिरकत नाही. अजिंठ्याचं लिंपण टिकलं ते डोंगराच्या पोटात होतं म्हणून. उड्डाणपुलाच्या खांबाला ते नशीब नाही. मग चुना, गेरू, काजळी घ्या, आणि पावसाळा सरला की पुन्हा काढा. रंगाच्या डब्यांवरचा खर्च हातांना द्या. चित्रकला महाविद्यालयातल्या पोरांना दर दिवाळीआधी चार भिंती मिळाल्या तरी पुष्कळ. एखादी बिघडली? बिघडू द्या, पुढच्या वर्षी चुना आहेच.